न पाजलेलं तेल

माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं काळी आहेत. लिंबाने घासून बघितली, राखेने बघितली, डाग काही जात नाही. हळदीकुंकवाला हात पुढे केला की बायका बघतात आणि विचारतात. मी सांगते, काजूच्या टरफलांचं तेल हो, आमच्या धंद्यातलं. इथवर मी खरं सांगते. याच्या पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले होते एकदा, तेव्हासुद्धा आयत्या वेळी मुलाच्या परीक्षेचं काहीतरी बोलून परत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि न जाणो, तुमच्याही घरात एखादी जाऊ असेल.

आधी स्टुलांबद्दल सांगू द्या. टाळाटाळ करते आहे असं वाटेल — थोडी करतेही आहे — पण स्टुलांशिवाय पुढचं काही समजणार नाही.

आमचा कारखाना पनवेलला, गाढी नदीच्या अंगाला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पुढे मातीचं अंगण आणि मागे आमचं घर. सासरे, म्हणजे अण्णा, बाहेर ठेवायची लाकडी स्टुलं करायचे. आजूबाजूला फार्महाऊसं वाढली. मुंबईची माणसं शनिवारी येऊन आंब्याखाली बसू लागली. त्यांना प्लास्टिक नको असतं, लोखंड उन्हात तापतं आणि गंजतं, मग उरलं लाकूड. पण आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. उघड्यावरच्या स्टुलाची बैठक आधी कुजत नाही. फळ्यांमध्ये फटी ठेवल्या की पाणी गळून जातं. कुजतात ते पाय, आणि पायांतही तळवे. लाकूड जिथे आडवं कापलेलं असतं तिथून ते पाणी ओढून घेतं, आणि ओल्या मातीतली वाळवीही तिथूनच आत शिरते. बाहेरून पाय धडधाकट दिसतो, आत पीठ झालेलं असतं.

हे दुखणं अण्णांना माहीत होतं. औषध माहीत नव्हतं. ते मी आणलं — बघा, हे वाक्य लिहिताना अजून हात अडखळतो. माझं माहेर उरणकडचं, वडील होड्या बांधायचे. आमच्याकडे होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल देतात. हाताला लागलं तर फोड येतात, कातडी निघते, पण त्या लाकडाच्या वाटेला वाळवी जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा शेडच्या कोपऱ्यात पाय कुजून परत आलेल्या स्टुलांचा ढीग होता. मी भीत भीत म्हटलं, अण्णा, आमच्याकडे असं असं करतात. त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या फेरीला उरणहून तेलाचा डबा आला.

तेल 'लावायचं' नाही, पाजायचं. ते कोमट करून पसरट परातीत ओतायचं आणि स्टूल त्यात उभं करून ठेवायचं. पाय खालून तेल पितात. परातीतलं तेल खाली जातं, पुन्हा ओतायचं, पुन्हा खाली जातं. लाकडाने प्यायचं थांबवलं की स्टूल काढायचं. मग पायांना तळाशी काळा पट्टा राहतो — शाळेतल्या पोरांनी मोजे घातल्यासारखा. आम्ही त्यांना मोजेच म्हणायचो. पुढे ते मोजे आमच्या कारखान्याची ओळख झाले. गिऱ्हाईक विचारायचं, हे काळं काय आहे? अण्णा ऐटीत सांगायचे, "आमची जुनी पद्धत हाय." आमची, आणि जुनी! मी तिथेच चार हातांच्या अंतरावर परातीवर वाकलेली असायचे, बोटांना चिंध्या गुंडाळून.

एवढं सांगितलं म्हणून माझी कीव करू नका. माझ्यावर अन्याय झाला, म्हणून मी तसं वागले, असं मला म्हणायचं नाही. म्हणायचं असतं तर हे लिहिलंच नसतं. अण्णा वाईट नव्हते. त्यांना बोलून दाखवायची सवय नव्हती, एवढंच. स्वतःच्या मुलांनाही त्यांनी कधी शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीही ते धरून बसले नव्हते — मीनल येईपर्यंत.

मीनल माझ्या धाकट्या दिराची बायको. खारघरची, इंटिरियर डिझाईनचा डिप्लोमा केलेली. पहिल्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपली असं लिहिणार होते, पण ते खोटं. पहिल्या दिवशी ती मला आवडली. अंगाची हळद उतरली नव्हती तोवर स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ताई, मला भाकरी येत नाही. आत्ताच सांगून टाकते, मागून हसू नका." मी तोंडावर हसले, तीही हसली. ती भाकरी शिकली असती आणि तिथेच थांबली असती, तर आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

ती शेडमध्ये गेली. मी इतकी वर्षं त्या घरात, पण माझी जागा अंगणाच्या कडेला, तेलाच्या परातीपाशी. शेडमध्ये मी चहा द्यायला जायचे आणि कप घेऊन यायचे. ही पोरगी सरळ आत गेली, अण्णांच्या बाकावर टेकली आणि विचारलं, अण्णा, स्टुलाला चारच पाय का? मला वाटलं, आता हिला ऐकून घ्यावं लागणार. अण्णा हसले. अहो, मोठ्याने हसले! मी हातातला ट्रे घेऊन दारात उभी. त्या माणसाला असं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

"मग काय, दोन ठेवू?" ते म्हणाले.

"तीन ठेवा," ती म्हणाली. "अंगण कधी सपाट असतं का? चार पायांचं स्टूल डुगडुगतं. तीन पायांचं कुठेही ठेवा, डुगडुगणार नाही."

दोघं बराच वेळ वाद घालत बसले. चहा निवला. मी तो परत गरम करून आणला, आणि तो कुणी दिला हे दोघांनाही कळलं नाही.

मत्सर म्हणजे काय असतं, सांगू? लोक म्हणतात जळफळाट. माझ्या पोटात जळत बिळत काही नव्हतं. मी फक्त हिशेब ठेवायला लागले. आज अण्णा तिच्याशी किती बोलले. आज तिला 'पोरी' म्हणाले, मला 'सुलभा' म्हणाले. आज तिने कागदावर पाय तिरपा काढला तर त्यांनी चष्मा लावून बघितला. जेवायला वाढतानाही माझे कान तिकडेच. आणि सगळ्यात वाईट काय, तर तिचं म्हणणं बरोबर होतं. मला होड्यांमुळे लाकडाची थोडी नजर आहे. तिने काढलेलं ते तीन पायांचं स्टूल मी बघितलं आणि पहिल्या नजरेत कळलं, हे अण्णांच्या स्टुलापेक्षा चांगलं आहे. पाय बाहेरच्या बाजूला झुकलेले, त्यांची टोकं बैठकीतून आरपार येऊन वरून पाचर ठोकलेली, खिळा कुठेच नाही. बैठक मध्ये किंचित उंच, म्हणजे पाणी साचणार नाही. वाईट असतं तर मला झोप लागली असती.

एक दिवस शेडमध्ये गेले तर भिंतीवरचा खिळा रिकामा. त्या खिळ्यावर अण्णांचा गुण्या असायचा, काटकोन बघायचा, त्यांच्या वडिलांच्या हातचा. त्याला आमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याने लहानपणी त्याच्यावरून मार खाल्लेला. तो गुण्या मीनलच्या हातात होता. तिने हट्टाने मागून घेतला नव्हता. अण्णांनी दिला होता.

आणि अजून एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय हा कबुलीजबाब पुरा होणार नाही, नाहीतर तुम्ही मला समजून घ्याल अशी भीती वाटते. एक गिऱ्हाईक आलं होतं. मोज्यांबद्दल विचारलं. अण्णा आत होते, मीनल पुढे होती. ती म्हणाली, "हे तेल आमच्या ताईंनी आणलं. त्यांच्या माहेरी होड्यांना देतात. ताई नसत्या तर आमची स्टुलं एका पावसातच कुजली असती." मी तिथेच होते. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. इतक्या वर्षांत जे वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसले होते, ते कुणीतरी बोललं — आणि मला तिचा राग आला. असा राग त्याआधी कधीच आला नव्हता. जे माझं होतं ते हिने मला द्यावं? कालच्या आलेल्या पोरीने, हसत, येता जाता? मी मान खाली घालून चिंध्या गुंडाळत राहिले. त्या क्षणी ठरवलं का? नाही. पण मन तयार झालं ते तेव्हा.

आता अण्णांची एक रीत सांगते. नवीन घाटाचं स्टूल ते लगेच विकायला काढायचे नाहीत. ते आधी पावसात उभं करायचे. अंगणात, मातीवर, वर छप्पर नाही, शेजारी आपलं जुन्या घाटाचं चार पायांचं सागवानी स्टूल. पुरा पावसाळा दोघांनी तिथेच काढायचा. मग खंडेनवमीला रंधे, पटाश्या, करवती मांडून पूजा झाली की अण्णा सगळ्यांसमोर नव्या स्टुलावर बसून चहा प्यायचे. त्यांनी चहा संपवला की स्टूल पास. मग त्याचा नमुना कारखान्यात लागायचा. "मी कोन पास करनारा," ते म्हणायचे. "पावसाला विचारा."

मीनलचं स्टूल ऐनाचं होतं. अण्णा सागाशिवाय कशाला हात लावायचे नाहीत. विमानतळाच्या बाजूची गावं उठली, तिथल्या घरांच्या जुन्या तुळया त्यांनी आणून ठेवल्या होत्या. पण तुळया काही जन्मभर पुरणार नव्हत्या. मीनलचं म्हणणं, ऐन आपल्याकडचंच लाकूड आहे, त्याला तेल नीट पाजलं तर ते सागाइतकंच टिकेल. अण्णा नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, मग एक दिवस स्वतःच ऐनाची फळी घेऊन आले. ती एवढी हरखली! म्हणाली, हे पास झालं तर मी बाहेर नोकरी शोधत नाही, इथेच काम करते, कायमची. तिचं सगळं त्या एका स्टुलावर होतं. हे मला माहीत होतं. कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

पावसाच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, दोन्ही स्टुलं माझ्याकडे आली, तेल पाजायला. मीनल मागे मागे. "ताई, मला शिकवा ना. मी धरते." मी म्हटलं, "नको गं, तुझे हात भाजतील." काळजीने म्हटलं असं तिला वाटलं. तिने माझ्या बोटांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. दुपारी सगळे जेवून आडवे झाले. मी परात मांडली.

अण्णांचं स्टूल परातीत उभं केलं. ते प्यायला लागलं.

मीनलचं स्टूल मी उलटं करून मांडीवर घेतलं. त्याचे तीन तळवे माझ्याकडे. कोरं लाकूड, लालसर, ताजं कापलेलं. मी ब्रश घेतला. तेलात बुडवला. आणि पायांना बाहेरून, वरवर, दोन बोटं उंचीचे मोजे रंगवले. तळव्यांवरून ब्रश नुसता फिरवला, काळं दिसण्यापुरता. मग पायांवर फडकं फिरवून जास्तीचं तेल टिपून घेतलं, म्हणजे दोन्ही स्टुलांचा रंग सारखा दिसावा. दोन्ही शेजारी ठेवून लांबून बघितलं. थोडा फरक वाटला. आणखी एक हात दिला.

आता तुम्ही म्हणाल, विसरली असेल, कंटाळली असेल. तसं असतं तर ती चूक म्हणता आली असती. मी विसरले नव्हते. पाजायला काही कष्ट लागत नाहीत, स्टूल उभं करून ठेवायचं असतं फक्त. रंगवायला कष्ट लागले. मी मन लावून रंगवले. इतके सुबक मोजे मी आधी कधी काढले नव्हते.

पावसाळा सुरू झाला. दोन्ही स्टुलं अंगणात भिजत उभी. मी खिडकीतून बघायचे. तुम्हाला वाटेल, पश्चात्तापाने. छे! वाट बघत होते. पण काहीच होत नव्हतं. महिना गेला, मीनलचं स्टूल ठाकठीक. त्याच्यावर पाणी साचायचं नाही, सरसर गळायचं. अण्णांच्या स्टुलाला बैठकीवर हिरवट शेवाळ धरलं, तिच्याला नाही. ती छत्री घेऊन दिवसातून दोनदा जाऊन हात फिरवून यायची. मी मनात म्हणायचे, लाकूड इतकं चांगलं असेल का? तेलाशिवाय टिकेल? म्हणजे माझ्या तेलाचीही गरज नाही?

श्रावणात एक दिवस ऊन पडलं. घरात कुणी नव्हतं. मी बाहेर गेले आणि तिचं स्टूल उचललं. एका तळव्याला मातीची बारीक ओली रेघ चिकटली होती, जमिनीतून थेट लाकडात गेलेली. वाळवी. नुकतीच लागली असणार. तेव्हाही वेळ होती. डबा शेडमध्ये होता, परात भिंतीला उभी होती, मी मोकळी होते. स्टूल आत आणून वाळवून तेल पाजलं असतं तर वाचलं असतं — शंभर टक्के. मी ते जिथे होतं तिथेच परत ठेवलं. पाय जुन्याच खळग्यांत नीट बसतील असं बघून ठेवलं. ब्रशबद्दल मी कधी कधी स्वतःला समजावते की डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या श्रावणातल्या दुपारबद्दल समजावता येत नाही. तेव्हा माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं.

खंडेनवमी आली. हत्यारं मांडली, झेंडूची फुलं वाहिली, अण्णांनी हळदकुंकू लावलं. शेजारपाजारचे चार लोक होते, विचुंब्याहून नणंद आली होती. एक फार्महाऊसवाले गृहस्थ मुद्दाम आले होते. स्टूल पास झालं तर त्यांना अंगणासाठी तसलीच हवी होती. मीनलने नवी साडी नेसली होती. कपाळाला घाम. मी चहा केला. अण्णांचा कप मीच त्यांच्या हातात दिला.

ते बसले. मीनलने माझा हात धरला. हो, माझाच. त्यांनी एक घोट घेतला, मान डोलवली, आणि जरा मागे रेलले. आवाजसुद्धा झाला नाही फारसा. पाय मोडला नाही, तो खचला, बिस्किट चहात खचतं तसा. अण्णा कुशीवर मातीत पडले, चहा सगळा सदऱ्यावर. लागलं फार नाही, कोपर खरचटलं. पण एवढा मोठा माणूस, पूजेच्या दिवशी, परक्या माणसासमोर मातीत. सगळे धावले. मीनल जागची हलली नाही. तिने माझा हात एवढा घट्ट धरला होता की मलाही हलता येईना.

अण्णा उठले. अंग झटकलं. स्टूल उचलून उलटं केलं, आणि त्या पायात अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मोज्याची काळी साल तेवढी शाबूत, आत सगळा भुगा. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. त्यांच्यासारख्या सुताराला हे कळणार नाही? त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात सगळं कबूल करून टाकलं होतं, नुसतं तोंडातून बाहेर यायचं बाकी होतं.

ते म्हणाले, "ऐनाला तेल चढत नाय. सुलभानं पाजलंय. तिच्या हातचं तेल चढलं नाय, म्हंजे लाकडातच खोट हाय. तिच्या हातात खोट नाय."

चारचौघांत असो की घरात, अण्णांनी मला चांगलं म्हटलं ते त्या एकदाच. ज्यासाठी मी एवढी वर्षं बोटं भाजून घेतली ते मला त्या दिवशी मिळालं, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. आणि मी काय केलं? मी मान खाली घातली. लाजल्यासारखी. आणि खरं सांगू? मी लाजलेही होते. त्या क्षणी मला आनंद झाला होता. मीनलचा हात माझ्या हातात होता, आणि मला आनंद झाला होता.

अण्णा मग तिला लागेल असं काही बोलले नाहीत. "तीन पाय, त्यात ऐन. नको पोरी," एवढंच. पण फार्महाऊसवाले चार पायांची सागवानी स्टुलं सांगून गेले. रात्रीच्या जेवणाला मीनल आली नाही. मी ताट घेऊन तिच्या खोलीत गेले. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "अण्णांना काही झालं असतं तर, ताई? माझ्या हट्टापायी?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, चुकतं माणूस, पहिल्यांदा चुकतंच. ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणून बरं आहे. मी तिला घास भरवला. दोन घास.

दुसऱ्या दिवशी गुण्या परत खिळ्यावर होता. अण्णांनी मागितला नव्हता. त्यानंतर ती शेडमध्ये बसायला गेली नाही. दिवाळीनंतर खारघरला एका दुकानात तिला काम मिळालं, कम्प्युटरवर स्वयंपाकघराची कपाटं काढून द्यायची. मग ती दोघं करंजाडेला फ्लॅट घेऊन राहायला गेली. तिथे तिचं काही वाईट चाललेलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. पण पनवेलला आली की ती शेडच्या दारापर्यंत येते, लाकडाचा वास घेते आणि तिथूनच मागे फिरते.

काही वर्षांनी अण्णा गेले. नवऱ्याची नोकरी बंदरात, दीर साईटच्या कामात. कारखाना माझ्याकडे आला. गुण्या मी खिळ्यावरून काढला. जुन्या तुळया संपल्या, साग परवडेना, आणि एक दिवस मी — तुम्ही ओळखलंच असेल — ऐनाची फळी आणली. तीन पाय. बाहेर झुकलेले, वरून पाचर. तिचा कागद मला लागला नाही, सगळं डोक्यात होतं. तेल मात्र पाजलं, पोटभर. पावसात उभं केलं. ते हललं नाही. दुसऱ्या पावसाळ्यातही हललं नाही. आज आसपासच्या फार्महाऊसांत, हॉटेलांच्या बागांत माझी तीन पायांची स्टुलं आहेत. लोक 'सुलभाताईंची स्टुलं' म्हणतात. मी कुणाला दुरुस्त करत नाही. अण्णा म्हणायचे, आमची जुनी पद्धत. मी तेवढंही म्हणत नाही.

आजवर मला याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. पण परवा मीनल आली होती, गणपतीच्या खरेदीला. पाऊस उघडला होता. अंगणात एक स्टूल उभं होतं, तीन पावसाळे बघितलेलं. ती थबकली. मी दारात. मला वाटलं, आता ती म्हणेल, हे माझं आहे. म्हणायला हवंच होतं तिने. ती उकिडवी बसली, स्टूल आडवं केलं, तळव्यांवर अंगठा दाबला. एकेक करून तिन्ही पायांवर. दगडासारखे टणक.

"ऐन आहे ना, ताई?"

मी म्हटलं, "हो."

"तेल पितं की मग." ती हसली, जुनं हसणं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "माझ्या वेळी का नाही प्यायलं?"

सरळ प्रश्न होता. संशय नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, अण्णांना विचारायची तसं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि अंगणात आम्ही दोघीच होतो.

"तेव्हाचं लाकूड कच्चं असेल," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "असेल. फळी अण्णांनी आणली, पण पाय मीच निवडले होते त्यातून." मग तिने स्टूल सरळ केलं, पदराने बैठक पुसली आणि त्याच्यावर बसली. जरा इकडे तिकडे कलून बघितलं. ते डुगडुगलं नाही. "छान केलंत, ताई," ती म्हणाली. "चहा टाकता का?"

मी आत जाऊन चहा टाकला. ती साखर कमी घेते, मला माहीत आहे.